पाइपाच्या तोंडची जाळी

तुमसरच्या मशीनवाल्यानं मले फसवलं, आणि त्याच्या बोलण्यावर मी माह्या सुनेवर आळ घेतला. माही तक्रार लिहून घेता तर साहेब, हे पहिलेच लिहा, म्हणजे मागाहून कोणी म्हणायले नको का बाईनं आपलं झाकलं आणि दुसऱ्याचं उघडं केलं.

माहं माहेर मोहाडीचं, कोष्ट्याचं घर. बाप मागावर बसे, माय सुताले खळ लावे, मी कांड्या भरो आणि मागाखालचं तूस झाडो. तूस म्हणजे सुताचा उडणारा बारीक कापूस जी, नाकात जाते, भाजीत पडते, जिथं वारा अडते तिथं जाऊन बसते. लग्न होऊन चिखल्याले आली, मालक खदानीत होते, माहा पोरगा प्रमोद तीन वर्षांचा असताना ते गेले. मग मी माहेरचे टॉवेल आणि लुगडे गाठोड्यात बांधून डोक्यावर घेतले, नाकाडोंगरीपासून सगळे बाजार पायी केले, आणि काय सांगू तुम्हाले, त्या बाजारांनीच माही जीभ तिखट केली. मी कोणाले पहिल्या भावात दिलं नाही आणि कोणाचा पहिला भाव घेतला नाही. आता घरीच कापडाचं दुकान आहे, प्रमोद खदानीत लागला, सून वैशाली एकोडीची आहे, शिकलेली, आणि नात सहा महिन्यांची.

आता कपडे वाळवायची मशीन काहून घेतली ते सांगते, कारण लोक म्हणतात सुमनबाईले मोठेपणा सुचला. आमच्या घरापुढून मँगनीजचे ट्रक जाते, दिवसभर काळी धूळ उडते, दोरीवर पांढरं धोतर टाका आणि राखेच्या रंगाचं काढा. नातीच्या दुपट्यांवर ती धूळ बसे आणि पोरीच्या अंगावर पुरळ उठे. वैशाली म्हणे आई, झटकलं तरी हात काळे होते. मग मी म्हटलं घेऊ मशीन, आणि तुमसरच्या त्या दुकानात अर्धा दिवस बसली, भाव पाडला, वरून फिटिंग आणि पाइप फुकट करून घेतला. दुकानदार म्हणे माय, तुम्ही तर मलेच विकून टाकाल. मी खुशीत घरी आली.

त्याचा मिस्त्री आला, त्यानं भिंतीले भोक पाडून गरम हवेचा पाइप घरामागं काढला. मी म्हटलं पाहा बापा, इथून उंदीर आत नाही आला पाहिजे. तो म्हणे हो जी माय, बंदोबस्त करतो. मग त्यानं वैशालीले मशीनच्या दारातली जाळी दाखवली, म्हणे कपड्याचं तूस या जाळीवर जमते, दर खेपेले जाळी काढायची, तूस बोटानं ओढून फेकायचं. वैशालीनं एक खेप चुकवली नाही. मी दुकानात बसून जाळी ओढल्याचा टक आवाज रोज ऐको.

पहिले दोन-तीन महिने कपडे असे निघत का गालाले लावून बसावं. मग दिवाळीच्या आगंमागं एका खेपेच्या दोन खेपा व्हायले लागल्या. कपडे गरम, पण शिवणीत ओल तशीच. मशीनचं डोकं तव्यासारखं तापे, आणि मधातच ती आपली आपण बंद पडे. कपडे कमी टाकून पाह्यले, जास्त पिळून पाह्यले, मशीन भिंतीपासून ओढून पाह्यली. वैशाली म्हणे आई, हवा बाहेर जाऊन राहिली का नाही ते मागं जाऊन पाहू का. मी म्हटलं तुले काय समजते त्यातलं, मिस्त्रीले बोलावते मी. तिचं ऐकलं असतं तर आज तुम्हाले हे सांगत बसली नसती.

मिस्त्री आला. त्यानं दारातली जाळी काढली, दिसायले साफ होती, पण त्यानं लोटाभर पाणी मागतलं आणि जाळीवर ओतलं. पाणी खाली उतरेच ना, ताटात राहावं तसं वर उभं राह्यलं. गल्लीतल्या चार बाया दारात जमल्या होत्या, त्यांच्या समोर जाळी धरून तो म्हणे, पाहा माय, तुमची सून जाळी साफ नाही करत, मशीनचा काही दोष नाही. माहं डोकं फिरलं. शिकलेली म्हणवते, तुह्या मायनं घर झाडायले तरी शिकवलं का, असं मी त्या बायांसमोर बोलली. वैशाली म्हणे मी रोज साफ करते आई. एवढंच बोलली आणि पोरीले घेऊन आत गेली.

आता खरी गोष्ट ऐका, ही मी कोणाले सांगतली नव्हती. जाळीवर पाणी उभं राह्यलं तेव्हाच मले समजलं होतं. मी कोष्ट्याची पोरगी, खळ नसलेली चादर मले नागडी वाटते. घरातले चादरी, टॉवेल धुतले का शेवटच्या पाण्यात मी भाताची पेज टाकोच. वैशालीनं म्हटलंही होतं का आई, मशीनमधी पेजेचे कपडे नका टाकू. त्या पेजेचाच पातळ थर जाळीच्या बारीक भोकांवर बसला होता. खळ लावलेल्या कापडावर पाणी कसं उभं राहते ते मी लहानपणापासून पाहून आहो. मी ओळखलं आणि मी चूप राह्यली.

मिस्त्रीनं ब्रश-साबणानं जाळी घासली, पाणी सरसर उतरलं, तो चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा तशीच. तिसऱ्या दिवशी वैशाली म्हणे, धान कापणी आहे, बाबा एकटेच आहेत, मी एकोडीले जाते. भांडण नाही, रडणं नाही. पोरीचे दुपटे घड्या करून नेले.

आठ दिवस झाले, ती येईना. प्रमोद जेवे आणि ड्यूटीवर जाये, माह्याशी बोले ना. मी एकटीनं कपडे धुतले, पेज टाकली नाही, जाळी माह्या हातानं घासली, तरी कपडे ओलेच. म्हटलं आता तर सून घरी नाही, मग आता कोण साफ नाही करत? स्टूल घेऊन घरामागं गेली, मशीन आत घरघर करत होती आणि पाइपाच्या तोंडाशी हात धरला तर हवेची फुंकही नाही. बोट घालून पाह्यलं तर तिथं दुसरी जाळी. मच्छरदाणीची बारीक जाळी, तारेनं घट्ट आवळलेली, आणि तिच्या आत चार बोटं जाड तूस, नमद्यासारखं दाबून बसलेलं. प्रमोदच्या वर्दीचा निळा थर, नातीच्या दुपट्यांचा पिवळा थर. कैचीनं तार कापली, तो गोळा खाली पडला आणि गरम हवा भस्सकन तोंडावर आली. माह्या बापानं मागाच्या खोलीत कधी बिडी पेटवू दिली नाही, तूस पेट धरते म्हणे, आणि इथं त्या तापलेल्या मशीनच्या खोलीत माही नात झोपत होती.

तो गोळा घेऊन मी तुमसरले गेली आणि गिऱ्हाईकांसमोर काउंटरच्या काचेवर आपटला. दुकानदार म्हणे माय, तुम्हीच म्हटलं होतं का उंदीर नाही आला पाहिजे. म्हटलं, हो, म्हटलं! पण जाळी बांधली हे सांगतलं कोणाले? आतली जाळी साफ करा म्हणून शिकवलं, बाहेरच्या जाळीचं नावही नाही काढलं. आणि तुहा मिस्त्री तक्रारीले आला तेव्हा त्यानं मागं जाऊन पाह्यलं काहून नाही, चहा प्यायले टाइम होता ना? दुकानदार म्हणे फिटिंग फुकटात नेली माय, फुकटात इतकंच होते, चला, झाकणवाला नवा पाइप देतो, घेऊन जा. जन्मात पहिल्यांदा कोणी मले न मागता काही देऊन राह्यलं होतं आणि मी घेतलं नाही. म्हटलं मले पाइप नको, तुह्या मिस्त्रीले पाठव, त्यानं माह्या सुनेसमोर खरं सांगावं. तो हसला. एवढ्याशा गोष्टीसाठी, म्हणे, माणूस पाठवू का?

मग मी एकोडीले गेली. वैशालीनं पाणी दिलं, पोरगी माह्या मांडीवर ठेवली. मी पेजेचं सांगतलं, मले तेव्हाच समजलं होतं हेही सांगतलं. बाहेरच्या जाळीचंही सांगतलं. तिनं सगळं ऐकलं. म्हणे आई, तुमची चूक तुम्ही सांगतली, ते माह्या मनात आता नाही. पण त्या माणसानं चार बायांसमोर जाळी हातात धरून मले आळशी ठरवलं. त्यानं तिथंच येऊन सांगावं, मी त्याच दिवशी येते.

तिचं काय चुकलं सांगा. मी गल्लीत घरोघरी सांगून पाह्यलं, तर बाया तोंडावर म्हणतात, सून परत यावी म्हणून सासू आता गोड बोलून राहिली. माह्या शब्दाले तिथं भाव नाही, मीच तो त्या दिवशी घालवला. मशीन आता एका खेपेत कपडे वाळवते, पण दुपटेच नाहीत वाळवायले. प्रमोद सुटीच्या दिवशी एकोडीले जाते आणि पोरीले पाहून येते. मी तीनदा दुकानात गेली, तीनही वेळा म्हणतात मिस्त्री बाहेरगावी गेला.

माह्या चुकीचा जबाब मी एकोडीले जाऊन दिला, या वयात, सुनेसमोर मान खाली घालून. आता माह्या दारात, त्याच चार बायांसमोर उभं राहून, ती जाळी कोणी बांधली आणि काहून लपवली, हे कोण सांगणार आहे? दुकानदार का मिस्त्री? कोणीही येवो, पण येऊन तोंडानं सांगो. कोण येते, बोला!