सरांचा गुडघा

नणंद : "आधी सगळं वजन डाव्या पायावर. उजवा रिकामा झाला की मगच उचला." ताय चीच्या सरांचा आवाज कानातच बसलाय माझ्या. झोपलेल्या बाळाशेजारून उठतो ना आपण, तसं.

वहिनी : बाळाशेजारून उठताना कुणी मध्येच असं लचकतं का गं?

नणंद : कुठे लचकले?

वहिनी : आत्ता. डावा पाय टेकलास की गुडघा एकदम खाली जातो. दर वेळी.

नणंद : ते ताय चीतलंच आहे. सर करतात, आम्ही सगळे करतो.

वहिनी : कशासाठी पण?

नणंद : असेल काहीतरी. डॉक्टरांनी हा चिनी व्यायाम सांगितला तुला, वर्गाला जातेय मी, आणि वर उलटतपासणीही माझीच. पलंगाची कड सोड आधी.

वहिनी : सोडते. पण पाय रिकामा झाला हे कळायचं कसं? माझे तर दोन्ही भरलेलेच वाटतात.

नणंद : उचलून बघ. जड लागला तर अजून रिकामा नाही.

वहिनी : हं... अगंबाई. आपणहून वर आला की.

नणंद : मग येतेस जिन्यापर्यंत? नुसतं दाराशी.

वहिनी : जिन्याचं नाव काढू नकोस. पडल्यावर कुठे कुठे लागलं ते विसरले मी. पायाखालची पायरी निसटली, ते मात्र रोज आठवतं.

नणंद : अक्का उद्या दुपारी जाणार, वहिनी. मुलगा न्यायला येतोय तिला. एवढा रस्ता ओलांडला की तिचं घर.

वहिनी : मला सांगतेस? बहीण माझी आहे. तिला खाली उतरवत नाही आणि मला उतरायचा धीर होत नाही. "जायच्या आधी येऊन तुझी वेणी घालीन," असं खिडकीतून ओरडून सांगून बसलेय मी तिला. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

नणंद : मग?

वहिनी : मग काही नाही. तू उद्या सरांना विचार, ती लचक कशाला ते.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. नणंद वर्गावरून आली आहे.)

नणंद : हसणार नसशील तर सांगते.

वहिनी : विचारलंस ना?

नणंद : विचारलं. सर म्हणाले, सगळ्यांनी करून दाखवा. आम्ही ओळीनं लचकलो. हसता हसता खुर्चीत बसले गं ते. म्हणाले, "अहो, ते ताय ची नाही. तो माझा गुडघा आहे."

वहिनी : म्हणजे?

नणंद : घरच्याच जिन्यावरून पडले होते म्हणे. तेव्हापासून डावा गुडघा तसा दगा देतो. त्यांना वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नाही. आणि आम्ही इतके दिवस मन लावून त्यांचा गुडघा शिकतोय.

वहिनी : आणि आमच्या वन्सं निघाल्या होत्या मला शिकवायला. धडधाकट पायानं लंगडायचं कसं ते.

नणंद : हसणार नव्हतीस ना?

वहिनी : बरं, वर्ग कितव्या मजल्यावर भरतो तुमचा?

नणंद : दुसऱ्या. लिफ्ट नाही.

वहिनी : आणि रोज चढतात ते?

नणंद : उतरतातही.

वहिनी : भीती नाही वाटत?

नणंद : तेही विचारलं, तुझ्यासाठी. म्हणाले, वाटते की, अजून वाटते. पहिल्या पायरीशी उभा राहतो, पाय रिकामा होईपर्यंत. मागे कुणी खोळंबलं तर खोळंबू देतो.

वहिनी : खोळंबू देतात?

नणंद : असं म्हणाले.

वहिनी : ...तो कंगवा दे. आणि तेलाची बाटली. पिशवीत घाल, पिशवी तुझ्याकडे राहू दे.

नणंद : थांब, दादाला हाक मारते. हात धरेल.

वहिनी : नको. कुणी धरलं की वजन कुठे आहे तेच कळत नाही मला. तू मागे राहा नुसती.

नणंद : राहते.

वहिनी : आणि बोलू नकोस.

नणंद : नाही बोलत. ...वहिनी? थांबलीस का?

वहिनी : अजून रिकामा नाही झाला. ...हं. झाला.