बंड्या ऊर्फ सुलतान

अगं, आमचे हे चाकणला कंपनीत क्वालिटीला आहेत, घरात कोथिंबीरसुद्धा तपासल्याशिवाय पास होत नाही. आमची आधीची पर्शियन मांजर किडनीच्या आनुवंशिक आजाराने गेली, म्हणून आता आमच्या नव्या मांजरीला, राणीला, पिल्लांसाठी जीन टेस्ट केलेलाच बोका हवा होता. पिंपळे सौदागरला एक मिळाला. तिथे राणीला टोपलीतून सोडलं आणि मालकाने रिपोर्ट दाखवला. किडनी एकदम क्लिअर!

हे म्हणाले, "रिपोर्टवर नाव सुलतान, आणि हाक मारताय बंड्या. हा रिपोर्ट याचाच कशावरून?"

"अहो साहेब, बंड्या घरचं नाव!"

"पुरावा दाखवा. तोवर माल होल्डवर."

तेवढ्यात मालकाच्या आई सोफ्यामागे डोकावून म्हणाल्या, "तुमचं चालू द्या सावकाश. इकडे प्रॉडक्शन सुरू झालंय!"