जावयाने निवडलेली प्रणाली

लोकेश : हे दोन हजार अठरा आहे, आई. कॉलेजाले आत्ता कुठी असा सर्व्हर भेटला, तीस जण एकाच वेळी बसतील असा. अन् काल परीक्षेत एकाचाही पेपर उघडला नाई.

इंदुताई : हळू बोल. जावईबापू उठले आहेत.

आदेश : ऐकलं मी. काय झालं?

लोकेश : भाऊजी, तुम्ही सर्व्हरवर फ्रीबीएसडी ही प्रणाली टाक म्हटलं, मी टाकली. परीक्षेचं सॉफ्टवेअर लिनक्स या दुसऱ्याच प्रणालीचं निघालं. सुरूच होत नाई.

आदेश : दोन्ही त्या जुन्या युनिक्स प्रणालीच्याच घरातले ना...

लोकेश : घर एक म्हणून एकाचा सदरा दुसऱ्याले येते का?

इंदुताई : मंग तवाच काऊन नाई बोलला?

लोकेश : डेबियन लिनक्स टाकू, असं मी तवा म्हणूनच राह्यलो होतो. तू डोळे वटारले. जेवत्या जावयाले नाई म्हणू नये म्हणे!

आदेश : आई, खरं सांगतो. मी फ्रीबीएसडी कधी चालवलंच नाही. ऑफिसात लोक बोलतात, तेवढं ऐकलेलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. माहीत नाही म्हणायची लाज वाटली.

लोकेश : जाऊ द्या. आजच डेबियन टाकतो. पण उद्या प्राचार्य विचारतील, हे कोणाचं डोकं? माझी कॉलेजातली नेमणूक पक्की होते का नाई, ते उद्याच ठरते.

आदेश : मी येतो. मीच सांगतो त्यांना.

इंदुताई : तुम्ही? अख्ख्या ब्रह्मपुरीत मी सांगत फिरली, आमचे जावई पुण्याले इंजिनिअर आहेत म्हणून. नाई जायचं.

लोकेश : मंग मी काय सांगू?

इंदुताई : माझंच चुकलं म्हण. तू काय, घरचाच आहेस.

आदेश : आई, असं नका...

इंदुताई : तुम्ही चहा घ्या.

लोकेश : घ्या भाऊजी. मंग बस स्टँडवर सोडून देतो.

(सात वर्षांनी. फोनवर इंदुताईंची लेक दिव्यानी, आदेशची बायको.)

दिव्यानी : दिवाळीले मी एकटीच येते, आई.

इंदुताई : अन् जावईबापू?

दिव्यानी : मोठे साहेब झाले, पण त्या दिवसापासून तुझ्या घरी घास उतरत नाई म्हणतात. लोकेश कसा आहे?

इंदुताई : तवा प्राचार्याले आपलंच चुकलं म्हणला, मंग कॉलेजानं नाई घेतलं ते नाईच. सिंदेवाहीले मोबाइल दुरुस्त करते. सर्व्हर मात्र त्यानं लावलेलाच चालून राह्यला.

दिव्यानी : तुझ्यावर राग आहे का त्याचा?

इंदुताई : असता तर बरं होतं. दर रविवारी येते, माझी औषधं आणून देते. मलेच मान वर करून त्याच्याकडं पाहता येत नाई.