साखळीनं मारलेला साग

मंडळी, एक विचारतो. खोटं बोलू नये, हे सगळ्यांना पाठ! पण ज्या खोट्यानं समोरचा आनंदानं रडतो – ते तरी चालेल की नाही? माना हलवू नका, आधी ऐका!

पाचगणीत हणमंता पांचाळ नावाचा सुतार. पेरीनबाईंच्या विलायती धाटणीच्या बंगल्यावर त्याचं काम चाललेलं. पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडाच्या पट्ट्या – उभ्या, आडव्या, तिरप्या! बाई म्हणाल्या, "हणमंता, नवं वाटायला नको हां!"

झालं! नवाकोरा साग – त्याला साखळीनं बडवला, तारेच्या ब्रशनं खरवडला, खिळ्यानं किडीची भोकं पाडली! हसताय? आपण केसांना कलप लावतो, आणि लाकूड म्हातारं करायला माणूस ठेवतो!

एके सकाळी हणमंता बापाला घेऊन आला. आप्पा – ऐंशीचा, डोळे गेलेले, पण जन्माचा सुतार! त्यानं पट्टीवर हात फिरवला. "हे तर जुनं रे! कधीचं?"

चांगला साग साखळीनं बडवला, हे बापाला सांगायची हणमंताला लाज वाटली. पटकन म्हणाला, "साहेबाच्या काळचं, आप्पा."

"मग माझ्या बापाच्याच हातचं! तेव्हा इथं पट्ट्या ठोकणारा तो एकटाच!" – आणि आप्पानं लाकडाला कपाळ टेकवलं, मंडळी! घळाघळा रडला!

हणमंतानं तोंड फिरवलं. रात्री झोप येईना.

दुसऱ्या दिवशी सुनेचा हात धरून आप्पा हजर – हळद-कुंकू घेऊन! कुंकवाचं बोट पट्टीला लागणार, तोच हणमंता ओरडला, "थांबा आप्पा! गेल्या आठवड्यातलं आहे ते. मीच ठोकलंय. साखळीनं मीच मारलंय!"

"भोकं पण?"

"खिळ्यानं..."

आप्पानं बोट धोतराला पुसलं. सावकाश म्हणाला, "काल मी रडत होतो, तेव्हा तू कुठं बघत होतास?"

हणमंताची मान खाली. "तुमच्याकडं बघवलं नाही, आप्पा."

"सूनबाई, घरी चल." बस्स! ना शिवी, ना शाप.

बंगला झकास झाला. पाहुणे फोटो काढतात, वाहवा करतात. हणमंता मात्र त्या रस्त्यानं जाताना मान वर करत नाही.

आता तुम्ही! समोरच्या बाईसाहेब, तुम्हीसुद्धा – आणि हा बोलणारा मीसुद्धा! कुणाला खूश ठेवायला काय काय सांगून ठेवलंय? आज घरी जा, त्या माणसाच्या तोंडाकडं बघा. बघवलं, तर उद्या कीर्तनाला या आणि खुशाल टाळ वाजवा. नाही बघवलं, तर आधी त्याच्यापाशी बसा. देव थांबेल!