डाव सुटल्याबिगर जीप हलंना

सोनपेठात कॉम्प्युटरातलं माझ्याइतकं कुणाला कळत न्हाई. म्हणजे आमच्या गल्लीत. तेबी बाकीच्यांकडं कॉम्प्युटरच न्हाई म्हणून.

परवा सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या शिवाअप्पांचा निरोप आला, "असशील तसा ये." जाऊन बघतो तर दारात जीप अन् जीपमदी सगळे नटून बसलेले. पोरासाठी पाथरीला पोरगी बघायला निघालेले. अप्पा मातर आत कॉम्प्युटरपुढं. चांगल्या कामाला निघायचं म्हणलं की अप्पा आधी पत्त्यांचा एक डाव लावतात. सुटला तरच पाऊल बाहेर. पण भाच्यानं आदल्या दिवशी विंडोज काढून लिनक्स टाकलेलं, अन् त्यात डावच दिसंना.

"अप्पा, पोरीकडच्यांनीच पळवला असंल," मी म्हणलो.

"दात काढू नको. शोध."

बाहेर ड्रायव्हर हॉर्न मारायलाय. काकू जीपमधून ओरडायल्यात, "आवं, तिकडं पोहे निवून गेले असतील!" शेवटी लिनक्सच्या यादीत तसलाच पत्त्यांचा खेळ, सॉलिटेअर, घावला, तो टाकला. अप्पा खेळले, अडले. परत खेळले, परत अडले. घामाघूम झाले. मग मी त्यांना चाल मागं घ्यायचं बटण दाखवलं. अप्पांनी दहा-दहा चाली मागं घेतल्या अन् डाव सुटला!

"अप्पा, असला शकुन चालतो व्हय?"

चपला पायात सरकवत अप्पा म्हणले, "तुझ्यासाठी पोरगी बघायला बी मीच गेलतो. तवा हे मागं घ्यायचं बटण असतं, तर तुझ्या बिचाऱ्या बायकोचं कल्याण झालं असतं."