मॉसचे नाल

नाही, तुम्ही मॉसला नाल बसवा, डेंझिल, मी थांबवत नाहीये — फक्त जरा सावकाश. चारच्या आत मला फोन करायचाय आणि आत्ता साडेतीन वाजलेत, म्हणून म्हटलं. तसं काही विशेष नव्हतं आज — मंगळवार, तबेले झाडून झाले, जेवणं झाली, टॅम्सिन लहान घोडीला घेऊन टेकडीकडे गेली, मी मोरीत खोगिराचे पट्टे धूत होते — आणि अडीचला फोन. वेदरली पार्कच्या कचेरीतली बाई. लग्नाचं आमंत्रण द्यावं तसा आवाज. म्हणाली, स्पर्धेतून एकाचं नाव गळलंय, प्रतीक्षा यादीत आता तुमच्या मुलीचा नंबर लागतो, परवा मॉसला घेऊन या, फक्त चारपर्यंत कळवा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल. मी म्हटलं, वा, कळवते हं. आणि धुतलेला पट्टा परत पाण्यात घातला. तासभर तोच पट्टा धुतेय मी.

तुमच्या तोंडात खिळे आहेत ते बरंय, नाहीतर म्हणाला असतात, हिलरी, पोरीला सांग. डोळ्यांनी म्हणताच आहात. सांगणार आहे ना — सांगणार नाही असं कुठं म्हणतेय मी? एकोणीस वर्षांची आहे, दोन वर्षं याच एका फोनची वाट बघतेय. पण वेदरली, डेंझिल. दुसरं कुठलंही मैदान चाललं असतं. आणि हाच घोडा. तुम्हीच तर त्याचे नाल काढलेत त्या दिवसानंतर, मला तबेल्यात पाऊल टाकवत नव्हतं तेव्हा.

रूफसला, टॅम्सिनच्या बाबांना, काही ते जमीनदारांच्या पोरांसारखं आयतं मिळालं नव्हतं. त्याच्या घरी नुसत्या गाई. सोळाव्या वर्षी लीद उचलायला लागला दुसऱ्यांच्या तबेल्यात, पगार म्हणजे खोली आणि दोन वेळचं जेवण, आणि कुणाला नको असलेली वांड घोडी चालवून दाखवायची. गळ्याचं हाड चार वेळा मोडलं. चौथ्या वेळी हॉस्पिटलातली नर्स म्हणाली, तुमचा पलंग राखून ठेवू का? पहिल्या मोठ्या स्पर्धेला अठ्ठाविसाव्या वर्षी पोचला — पहिल्या दोन दिवसांची संथ कवायत धड जमली नाही, खालून तिसरा, आणि शनिवारी रानातल्या दौडीत एकही अडथळा न चुकवता चौदाव्यावर आला. लोक विचारायला लागले, हा कोण? एकदा चौथा आला वेदरलीला. ती रिबीन तिथंच आहे, खुंटीवर, ऊन खाऊन पांढरी झाली. बाकी वीस वर्षं शिकवण्या, लोकांचे घोडे, पहाटे ट्रक भरणं. मला विचारलंत तर सुखातच होतो आम्ही. भीती होती, पण ती कुणाला नसते — दौडीच्या दिवशी कर्ण्यावरचा माणूस शांतपणे म्हणतो, ‘स्पर्धा थोडा वेळ थांबवण्यात आली आहे,’ आणि तंबूतल्या सगळ्या बायका कप खाली ठेवतात. मनात वेळ मोजायची — आपला किती वाजता सुटला, आत्ता कुठवर असेल. मग दुसरंच कुणाचं तरी नाव येतं आणि आपल्याला बरं वाटतं. आपल्याला बरं वाटतं बघा. तीन वर्षांपूर्वी, रूफस गेला त्या दिवशी, वेदरलीच्या त्या तंबूत बाकीच्यांना बरं वाटलं असणार.

तो मागचा पाय जरा दाबून बघता? नाही, गरम नाहीये, मला माहितेय. पण समजा गरम लागला — समजा तुम्ही म्हणालात, हिलरी, आठ दिवस याला पळवू नकोस. तुमचं ती ऐकेल. माझं नाही ऐकणार, आजोबांसारखं ऐकते ती तुमचं. एक वाक्य, डेंझिल. कुणाचं काय बिघडतंय? — असे बघू नका. बरं. राहू दे. मी बोललेच नाही असं समजा.

तिनं मला काय विचारलंय माहितेय? नंबर लागला तर म्हणे, आई, बाबांसाठी मोजायचीस तसं माझ्यासाठी मोजशील? दोन अडथळ्यांमधलं अंतर सगळे आपापलं मोजतात, आदल्या दिवशी तो सगळा रस्ता पायी चालून — पण रूफसकडे दोन-दोन घोडे, वेळ कुठं, म्हणून त्यानं मला तयार केलं. माझी चार पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग. अंगणात दोरी टाकून महिनाभर चालवलंन. भाजी आणायला गेले तरी पावलं एकसारखी पडायची, दुकानातली हेटी म्हणायची, पलटणीत भरती झालीस का गं? पंधरा वर्षांत माझा आकडा कधी चुकला नाही. त्या वर्षी वेदरलीला दरीतल्या उडीच्या दोन ओंडक्यांमधे चार ढांगा होत्या, गुरुवारी मोजल्या होत्या मी. शुक्रवारी पाऊस. उडीनंतर घोडा उतरायची जागा फार भिजली म्हणून संध्याकाळी त्यांनी दुसरा ओंडका सरकवला, फळ्यावर चिठ्ठी लावली. रूफस दुसऱ्या घोड्यावर चढत होता. म्हणाला, हिल, जरा खाली जाऊन मोजून ये. आल्यावर मी म्हटलं, चारच. आहे तसंच आहे. त्यानं मनगटावर लिहिलं, चार. चौकशी झाली तेव्हा सगळे म्हणाले, चारच घेतल्या त्यानं, घोडा फार लांबून उडाला, स्वाराचा अंदाज चुकला. टॅम्सिनही तेच म्हणते — बाबांनी घाई केली, मी नाही करणार. पोर बापाला दोष देते, तेही प्रेमानं, आणि मी समोर बसून बटाटे सोलते.

तो पडला त्याच दुपारी त्यांनी ते ओंडके उचलून नेले. आता तिथं नुसतं गवत आहे. चार होत्या की साडेचार, कुणालाच कळणार नाही — कदाचित चारच असतील. असतीलही. रात्रंदिवस मी तेच —

ऐकलंत? टापा. आली ती. चारला दहा कमी आहेत. फोन आलाय हे सांगते मी तिला, तुम्ही काही बोलू नका, तिला करू दे तो फोन. उरलेले खिळे ठोका आणि निघा, डेंझिल, चहा आज नको. आणि तिनं परत मोजायचं विचारलं, तर काय सांगू ते मला माहीत नाही. त्या संध्याकाळी फार चिखल होता. वाटेत तंबूपाशी फिलिपा भेटली, तिच्याबरोबर मी चहा घेतला, आणि तिथूनच मागं फिरले. ते अंतर मी मोजलंच नव्हतं.