अंगणातली सर्दी

भूकंपानंतर लातुरात आमची अख्खी गल्ली अंगणात झोपायची, तेव्हाची गोष्ट ऐका. मला अशी सर्दी झाली की नाकाने श्वास घेता येईना. ओव्याची वाफ घ्यायला पातेल्यावर चादर ओढून बसलो, तर वाऱ्याने वाफही गेली अन् चादरही. बायकोला म्हटलं, "आजची रात्र घरात झोपतो."

"अन् भिंत पडली म्हंजे? सर्दीनं कुणी मेलंय का आजवर?"

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितलं, "उघड्यावर झोपणं बंद करा. त्याशिवाय आराम न्हाई."

मी वैतागून म्हणालो, "डॉक्टरसाब, हेच जरा आमच्या घरी येऊन सांगा."

डॉक्टर रुमालात दोनदा शिंकले. म्हणाले, "येतो की. पण आधी तुम्ही आमच्या घरी येऊन सांगा."